डब्यात फुगलेली लादी

वैजयंतीबाईंना हॉस्पिटलमधून घरी येऊन आठ दिवस झाले होते. नवव्या दिवशी सकाळी त्या म्हणाल्या, "खालची विजयमाला एकदाही वर आली नाही हो."

नंदकिशोर प्रधान खिडकीशी पेपर वाचत बसले होते. ते गिरगावातल्या एका छापखान्यात तीस वर्षं मुद्रितशोधक होते. निवृत्त झाल्यावर नवराबायको दोघंच नेरूळला सिडकोच्या दोन खोल्यांत राहायला आले. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात त्यांचा जन्म गेला होता. स्वतःच्या चुका मात्र त्यांना दुसऱ्या कुणीतरी दाखवाव्या लागत.

"कामात असेल," ते म्हणाले.

पण वैजयंतीबाईंना ते पटलं नाही. बाथरूममध्ये पाय घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा पहिली धावत आली ती विजयमालाच. तिचा नवरा ज्ञानू तुर्भ्याच्या मार्केटमध्ये माथाडी. त्यानंच त्यांना जिन्यावरून उचलून खाली रिक्षापर्यंत नेलं होतं. पुढे पस्तीस दिवस त्या हॉस्पिटलात होत्या, आणि ते पस्तीस दिवस प्रधानांना दुपारचा डबा विजयमालाच पाठवत होती. कधी ज्वारीची भाकरी आणि घेवड्याची उसळ, कधी पिठलं, कधी वांग्याचं भरीत. शेवटचा डबा अजून यांच्याच ओट्यावर पडून होता. स्टीलचा, गोल, झाकणावर तिच्या मामांचं नाव टिंबांनी कोरलेलं.

"डबा परत देताना त्यात काय घालून देत होता?" वैजयंतीबाईंनी विचारलं.

"कशात?"

"डब्यात."

"काही नाही. चांगला घासून, पुसून देत होतो." हे त्यांनी जरा अभिमानानंच सांगितलं. घासणं ही त्यांना नव्यानं जमलेली विद्या होती.

वैजयंतीबाईंनी उशीवरून मान उचलली. "रोज रिकामा?"

त्यांच्या आवाजावरून प्रधानांना कळलं की काहीतरी मोठं चुकलंय. शेजारच्या घरचं भांडं रिकामं पाठवायचं नसतं, दुसरं काही नसेल तर चिमूटभर साखर तरी घालायची, हे त्यांना वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा समजलं. जन्मभर त्यांच्या डोळ्यांसमोरून वाट्या, पातेली, डबे या दारातून त्या दारात जात होते. आत काय असतं ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

मग एकेक आठवायला लागलं. सुरुवातीला विजयमाला डबा द्यायला आली की दारात उभी राहून दोन शब्द बोलायची. नंतर डबा नुसता यांच्या उंबऱ्याशी ठेवलेला असायचा. त्यांना ते सोयीचंच वाटलं होतं. परत करताना तेही डबा दाराशी ठेवत, बेल दाबत आणि दार उघडायच्या आत जिन्याचं पहिलं वळण गाठत. बोलायचं काय, हा त्यांना सदाचाच प्रश्न होता.

"आता साखर घाला आणि देऊन या. सांगा, लक्षात नाही आलं," वैजयंतीबाई म्हणाल्या.

प्रधानांना ते जमेना. पस्तीस दिवसांच्या जेवणावर चिमूटभर साखर ठेवायला हात धजेना. शिरा करावा, तर विजयमाला त्याहून चांगला करणार. तिच्याकडे होत नाही असं काहीतरी हवं होतं. माळ्यावरच्या गोल ओव्हनची त्यांना आठवण झाली. महिला मंडळाच्या वर्गात वैजयंतीबाई गोड पावाची लादी शिकल्या होत्या. दूध, साखर, वेलची घातलेल्या मऊ गोळ्यांची, एकमेकांना चिकटून भाजलेली. सुरी लागत नाही. ज्यानं त्यानं आपला तुकडा ओढून घ्यायचा.

"तुम्ही करणार?" वैजयंतीबाई म्हणाल्या. "चहा केलात तर पातेलं भिजत घालावं लागतं." पण वही कुठल्या ट्रंकेत आहे ते त्यांनी सांगितलं.

प्रधानांनी ती कृती तीनदा वाचली. वाशीला जाऊन यीस्टची पुडी आणली. राजगिऱ्यासारखे तपकिरी दाणे होते ते. वहीत लिहिलं होतं, 'दुधात यीस्ट व साखर घालून ठेवावे.' घरात दूध तापवल्याशिवाय वापरायचं नसतं एवढं त्यांना ठाऊक होतं. त्यांनी ते वर येईपर्यंत तापवलं आणि तसंच यीस्टवर ओतलं. पीठ मळलं, ओलं फडकं झाकलं, समोर स्टूल घेऊन बसले. बारा वाजले, एक वाजला, तीन वाजले. गोळा होता तसाच राहिला.

"मेलं बहुतेक," ते पलंगापाशी येऊन म्हणाले.

कसं केलं ते ऐकून वैजयंतीबाईंना इतकं हसू आलं की खुबा दुखायला लागला. "अहो, कोमट दूध घ्यायचं."

"वहीत तसं लिहिलेलं नाही."

"सगळ्यांना माहीत असतं ते कशाला लिहायचं?"

असं सगळ्यांना माहीत असलेलं आणि आपल्याला माहीत नसलेलं अजून काय काय असेल, असा प्रश्न प्रधानांना पडला. क्षणभर वाटलं, राहू द्यावं. साखर घालावी, डबा दाराशी ठेवावा, बेल दाबावी.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुधाचं पातेलं घेऊन पलंगाशी उभे राहिले. वैजयंतीबाईंनी करंगळी बुडवली. "थांबा अजून." पातेलं परत ओट्यावर. पुन्हा करंगळी. तिसऱ्या खेपेला त्या म्हणाल्या, "हां, आता. विरजण लावतो ना, तेवढंच." दहा मिनिटांनी दुधावर फेस चढला, तेव्हा तो दाखवायला प्रधान वाडगं हातात धरून जवळजवळ धावतच आले. पीठ त्यांनी पलंगाशेजारी पाटावर बसून मळलं. बाई सांगत होत्या, ते दाबत होते.

सात गोळे झाले. एक मधे, सहा भोवती. विजयमालाच्या डब्यातच लोण्याचा हात फिरवून ते त्यांनी लावले, म्हणजे काढून ठेवताना मोडायला नकोत. ओव्हनच्या झाकणाला लहानशी काच होती. तिच्याशी नाक लावून पाऊण तास प्रधान हातात पुस्तक न घेता बसले.

लादी फुगली, आणि अशी फुगली की डब्याच्या काठावर चार बोटं वर आली. झाकण बसेना. प्रधानांच्या लक्षात आलं की आता डबा दाराशी ठेवून पळता येणार नाही. उघडा पाव जमिनीवर कसा ठेवायचा? मुंग्या होत्या, वरच्या मजल्यावरचं मांजर होतं. कुणाच्या तरी हातात द्यावाच लागणार.

विजयमालानं ओल्या हातांनी दार उघडलं. आधी तिनं डब्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

जिना उतरताना प्रधानांनी एक लांबलचक वाक्य जुळवलं होतं. त्यातलं काहीच आठवेना. "डबा रिकामा द्यायचा नसतो, हे मला माहीत नव्हतं," ते म्हणाले. "खरंच माहीत नव्हतं."

तिनं पदराला हात पुसले.

"वाईट वाटलं होतं, काका. खोटं कशाला बोलू? आधी वाटलं, गडबडीत इसरत असतील. मग वाटलं, आमच्या घरचं म्हणून..." पुढचं तिनं गिळलं.

"तरी पाठवत राहिलात."

"काकू तिकडं हॉस्पिटलात. मग मानूस उपाशी ठेवायचा का?"

प्रधानांचे हात गरम डब्यानं पोळत होते, पण त्यांनी तो खाली ठेवला नाही. "मी रोज वाट बघायचो," ते म्हणाले. "बाराच्या सुमाराला जिन्यावर पावलं वाजायची. त्या महिन्यात दिवसभरात तेवढं एकच बरं वाटायचं. तुमची घेवड्याची उसळ होती ना... ती खाताना मला रडू आलं होतं. हे तेव्हाच सांगायला हवं होतं."

विजयमालानं डबा त्यांच्या हातातून घेतला. "आत या आदी," ती म्हणाली. "बुड पिवळं केलंय डब्याचं. ऱ्हाऊ दे, चिंचंनं निघंल."

ज्ञानू मार्केटातून येऊन नुकताच टेकला होता. ह्यो पाव हाय का केक, असं त्यानं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता हात पुढे केला. विजयमालानं त्याचा हात बाजूला सारला. आधी दोन गोळे ओढून ताटलीत ठेवले, वर वाटी झाकली. "काकूंचं."

प्रधानांना हे सुचलंच नव्हतं. सगळीच्या सगळी लादी ते खाली घेऊन आले होते.

"लई भारी केलंय, काका," ज्ञानू भरल्या तोंडानं म्हणाला. "आता रिटायर मानसाला टेन्शन नाय. पावाची गाडी लावा स्टेशनावर."

ताटली प्रधानांच्या हातात द्यायला विजयमाला उठली, आणि मग दिली नाही. चपला घातल्या. "मीच येते," ती म्हणाली. "बघून तरी येते काकूंना."

वर गेल्यावर ती पलंगाच्या कडेला बसली, वैजयंतीबाईंनी तिचा हात धरला आणि दोघी अशा बोलायला लागल्या की जणू कालच भेटल्या होत्या. प्रधान स्वयंपाकघरात तिघांचा चहा टाकत होते. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

"मीठ घातलं नाही यात," वैजयंतीबाई म्हणाल्या.

"मला बी तसंच वाटलं. पर म्हटलं, मानसानं एवढं केलंय."

"पहिल्या दिवशी उकळतं दूध ओतलं होतं, सांगितलं का त्यांनी?"

दोघी हसल्या. आपल्याला कुणी हसलं की एरवी प्रधानांचे कान तापत. आज ते चहा ढवळत तसेच उभे राहिले आणि हसू थांबू नये असं त्यांना वाटत राहिलं.

कप घेऊन बाहेर आल्यावर ते बसले नाहीत. वैजयंतीबाईंच्या हातात अर्धा गोळा होता, आणि त्या तो लहान लहान तुकडे करून, पुरवून खात होत्या.

"अडतीस वर्षं झाली," प्रधान म्हणाले. विजयमाला समोर बसलेली होती, तरी थांबले नाहीत. "तुझ्या हातचं जेवतोय. तुलाही मी कधी बोललो नाही. फार चांगलं असायचं."

वैजयंतीबाईंनी कप घेतला. विजयमाला एकदम खिडकीबाहेर बघायला लागली.

"अहो, बसा आता," वैजयंतीबाई म्हणाल्या, आणि पाय दुखत असूनही सरकून त्यांनी पलंगावर त्यांच्यासाठी जागा केली.