माझ्या पाठीवरचे पिवळे टोपण

मित्रांनो, या घरात जे काही दिसते ते माझ्यामुळे दिसते. रंग माझे, रेषा माझ्या, उजेड माझा. हे मी टेबलाखालून सांगतो आहे, कारण टेबलावर मला जागा नाही. तिथे इस्त्रीचे कपडे असतात.

मी एक जुना डेस्कटॉप संगणक आहे. स्वभावाने शांत होतो. आता नाही.

मला कोणी हौसेने सुटे भाग आणून घरी जुळवलेले नाही. मी कारखान्यातूनच सगळा तयार होऊन, अंगावर पत्रा चढवून बाहेर पडलो. तिथे रांगेच्या शेवटी निळे हातमोजे घातलेली एक बाई बसायची. माझ्या पाठीवर स्क्रीनची वायर लावायला दोन भोके होती. वरचे माझे स्वतःचे, चित्रांच्या कामात अगदी कच्चे. खालचे ग्राफिक्स कार्डाचे. चित्रे रंगवणे हे त्या कार्डाचे काम. वायर चुकून वर लागू नये म्हणून बाईने वरच्या भोकात एक पिवळे टोपण बसवले आणि अंगठ्याने दोनदा दाबले. माझ्यासाठी इतका विचार पुन्हा कोणी केला नाही.

मग मी या घरी आलो. घरची बाई एका सुतारकामाच्या कारखान्यासाठी स्वयंपाकघरांची चित्रे काढते. नऊ वर्षांत आम्ही दोघांनी शेकडो स्वयंपाकघरे उभी केली. तिचे स्वतःचे तेवढे राहिले. त्या काळी ती पाहुण्यांना सांगायची, हा आहे म्हणून माझे चालले आहे.

पुढे गिऱ्हाइकांना स्वयंपाकघर स्क्रीनवर गोल फिरवून हवे झाले. मी फिरवायचो, पण एक कपाट उघडेपर्यंत चहा निवायचा. शेवटी कारखान्याच्या मालकाने गोड शब्दांत कळवले, सोमवारच्या गिऱ्हाइकासमोर चित्र अडखळले तर पुढची कामे दुसरीकडे जातील.

तेव्हा तिचे धाकटे दीर धावून आले. ते पाण्याचे पंप दुरुस्त करतात.

"नवीन मशीन कशाला, वहिनी? नुसतं कार्ड बदलू. पंपाचं वॉशर बदलतात ना, तसं."

नवे कार्ड जुन्यापेक्षा वीतभर लांब निघाले. ते माझ्यात बसेना. शहाण्या माणसाने कार्ड परत केले असते. भावोजींनी पत्रा कापायचा हॅक्सॉ काढला. मित्रांनो, चहा पिता पिता कोणी तुमची फासळी कापली आहे का? माझी कापली. वर शिट्टीही वाजवत होते.

कार्ड बसले. मग वायर लावायला पाठीकडे वळले, तर वरच्या भोकात पिवळे टोपण. हे काय मध्येच अडकलेय म्हणून त्यांनी ते पकडीने उपटले, टेबलामागे भिरकावले आणि वायर तिथेच खुपसली.

आता चित्र बघा. नवे कार्ड दोन पंखे फिरवत, निळा दिवा लावून नवरदेवासारखे बसलेले, काम शून्य. आणि नऊ वर्षांत ज्या भोकाने एक रेघ ओढली नव्हती, त्याच्या गळ्यात अख्खे स्वयंपाकघर. कपाट उघडेचना.

भावोजींनी निकाल दिला. "कार्ड एकदम झकास आहे, वहिनी. हा डबाच म्हातारा झालाय."

डबा म्हणजे मी.

दीर सुट्टी मोडून आलेले. त्यांना 'तुम्हाला जमले नाही' असे म्हणायला तिचे तोंड उघडेना. मला तर तोंडच नाही. सगळा राग माझ्या पत्र्यात साठला. रविवारी दुपारी भंगारवाल्याला बोलावायचे ठरले.

टाकायची वस्तूसुद्धा पुसून द्यावी, ही तिची रीत. रविवारी सकाळी ती फडके घेऊन टेबलाखाली शिरली आणि तिला ते टोपण सापडले. त्यावर स्क्रीनचे बारीक चित्र होते आणि चित्रावर फुली. तिने टोपण पाहिले, भोक पाहिले, पुन्हा टोपण पाहिले. मग वायर उपटून खालच्या भोकात लावली.

स्वयंपाकघर फिरले. कपाटे उघडली, मिटली, सिंकमध्ये खिडकीचा उजेड चमकला. तिने ते तीनदा फिरवून पाहिले आणि भंगारवाल्याला येऊ नका म्हणून कळवले. दुसरा फोन दिरांना.

"भावोजी, वायर वरच्या भोकात होती. खालच्यात लावली, आता चालतंय."

पलीकडून मग आवाज आला, "बघा! मी म्हटलं नव्हतं, कार्ड झकास आहे?"

"हो, भावोजी," ती म्हणाली. फोन ठेवला, टोपण वरच्या भोकात बसवले आणि अंगठ्याने दोनदा दाबले. सोमवारी गिऱ्हाइकाने स्वयंपाकघर पाच वेळा फिरवले आणि सिंक तेवढे डावीकडे घ्यायला सांगितले.

मित्रांनो, कोणाला म्हातारा ठरवण्याआधी आपण त्याची वायर कुठे लावली आहे, ते एकदा वाकून बघत जा. कंबर दुखेल, पण दुखू द्या. माझी तर फासळी गेली.

मला माफी नको. फासळीही राहू दे. फक्त माझ्या बाजूच्या पत्र्याचा एक स्क्रू भावोजींच्या पिशवीत वॉशरांमध्ये गेला आहे, तेवढा कोणी आणून लावा. पंखा फिरला की पत्रा वाजतो, आणि घरातले म्हणतात मी कुरकुर करतो.