बावखलावरची बंदी

विनयाने आयुष्यात कुणाला दारातून परत पाठवलं नव्हतं. विरारच्या तिच्या दोन खोल्यांत विम्याचा एजंट आला तरी चहा पिऊन, वर चिवडा खाऊन जायचा. अशा बाईच्या हाती नवऱ्याने, म्हणजे सुमेधने, एक संकेतस्थळ दिलं आणि कुणाला आत ठेवायचं, कुणाला बाहेर काढायचं हे ठरवायचा अधिकारही दिला. २००६ साल होतं. संगणकावर मराठीत लिहिता येतं याचंच लोकांना इतकं अप्रूप होतं की काय लिहावं याची फारशी कुणाला फिकीर नव्हती.

संकेतस्थळाचं नाव 'बावखल'. वसईच्या वाड्यांमधून गोड्या पाण्याची जी तळी असतात ती बावखलं. विनया साताऱ्याची, तिला हा शब्द इथे आल्यावर कळला आणि भारी आवडला. सगळ्यांनी यावं, आपापली घागर भरावी, असं काहीतरी तिच्या डोक्यात होतं. चारशे सभासद झाले. निम्मे आखातात, बाकीचे विरार ते वसई. सुके बोंबील आधी भाजावेत की आधी धुवावेत यावर तिथे तीन आठवडे वाद चालला होता.

पण बावखलात जीव होता तो वसईजवळच्या सांडोर गावच्या हरेश्वरकाकांमुळे. वय अडुसष्ट, वाडी केळीची, शिक्षण सातवी. एका बोटाने टाइप करायचे. दहा ओळींना दोन तास लागायचे आणि त्या ते जशा बोलत तशाच उमटायच्या. कुठलं बावखल कोणत्या साली बुजवलं, कुठल्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात खारं व्हायचं, राजेळी केळीचा घड उतरवताना सुरी कुठे लावायची. खाली लोक लिहायचे, काका, वाडी विकू नका हं. कुवेतहून फ्रेडरिक लिहायचा, की काका, तुमचं वाचलं की इथल्या खोलीतसुद्धा शिंपलेल्या मातीचा वास येतो.

मार्चमध्ये 'खरा_वसईकर' आला.

पहिल्याच दिवशी त्याने काकांच्या लेखाखाली लिहिलं, "म्हातारा थापा मारतो. वाडीत डास आणि चिखल याशिवाय काही उरलेलं नाही. विका आणि मोकळे व्हा." हेच वाक्य त्याने त्या दिवशी वीस ठिकाणी चिकटवलं. मग बायकांच्या मागे लागला. कॅथरिन नावाच्या शिक्षिकेने आजीच्या हातच्या इंदेलची, म्हणजे मांसाच्या आंबट-तिखट रश्श्याची, कृती लिहिली, त्याखाली त्याने जे लिहिलं ते विनयाने वाचलं आणि पुसलं, आणि कॅथरिनला फोन करायचीही तिला लाज वाटली.

विनयाने नियम करून ठेवले होते. आधी समज, मग दुसरी समज, मग आठवड्याची बंदी, मग कायमची. व्रत पाळावं तसे ती ते पाळत होती. दोन्ही वेळा तिने इतक्या गोड भाषेत पत्र पाठवलं की वाचणाऱ्याला आपला सत्कार आहे असं वाटावं. उत्तरात शिव्या आल्या. इकडे सभासदांत दोन तट. विरारच्या कौस्तुभने 'अभिव्यक्तीची गळचेपी' या विषयावर चार भागांत लेख लिहिला, आणि त्याने आयुष्यात पहिल्यांदाच काही पूर्ण केलं असावं. दुसरा तट म्हणायचा, हाकला त्याला, नाहीतर आम्ही चाललो. कॅथरिन तर गेलीच.

एकटे हरेश्वरकाका वेगळं बोलत होते. त्यांनी लिहिलं, "त्याला काढू नका. त्याचं घर कुठं हाय ते बघा. कोनीतरी जाऊन बसा त्याच्यापाशी. मानूस उगाच ओरडत नसतो." सगळे हसले. इंटरनेटवर कुणाचं घर शोधणार?

नाव बंद केलं की अर्ध्या तासात नवं नाव. खरा_वसईकर_२, खरा_वसईकर_३. नवव्या नावाने त्याने लिहिलं, की हा म्हातारा मेला की त्याच्या लाडक्या वाडीतच पुरा त्याला. विनया स्वयंपाकघरात गेली आणि कुकरपुढे उभी राहून रागाने रडली.

"नावं बंद करून काय होतंय?" सुमेध म्हणाला. "प्रत्येक संगणक एका नंबरवरून येतो. नऊही नावं एकाच नंबरवरची आहेत, बघ. नंबरच बंद कर. विषय संपला."

तिने नंबर बंद केला. त्या नंबरवरून येणाऱ्याला आता फक्त एक वाक्य दिसणार होतं. संकेतस्थळाच्या इंग्रजी सूचना मराठीत आणताना तिनेच ते हौसेने लिहिलं होतं, "आपणास बावखलावरून वाळीत टाकण्यात आले आहे." तेव्हा सगळ्यांना ते फार गमतीचं वाटलं होतं. तिने तो शब्द फक्त पुस्तकात वाचलेला.

नऊ दिवस कसे छान गेले. बोंबलांचा वाद पुन्हा सुरू झाला. हरेश्वरकाका मात्र लिहीत नव्हते. मनाला लागलं असेल, येतील हळूहळू, असं विनयाने स्वतःला समजावलं. दहाव्या दिवशी सांडोरच्या मार्सेलचा फोन आला.

"मॅडम, मी काय केलं ओ? मला पण वाळीत टाकलंय. शेजारच्या मायकलला पण."

मग त्याने सांगितलं ते असं. त्यांच्या भागात इंटरनेट केबलवाल्याकडून येतं. केबलवाल्याकडे लाइन एकच, तीवर त्याने एकशेदहा घरांच्या वायरी टाकल्यात. बाहेरून बघणाऱ्याला एकशेदहा घरांचा नंबर एकच दिसतो.

विनयाने फोन ठेवायच्या आधी बंदी उठवली. काकांना लगेच माफीचं पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही, तेव्हा रविवारी सकाळी ती सांडोरला गेली.

काकांच्या बायकोने, हंसाकाकूंनी, तिला ओट्यावर बसवलं आणि पाणी दिलं. "वाडीच्या मागच्या बाजूला हायत, येतील," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "दहा दिस झाले, नीट जेवत नाहीत. चिरागला वाडी विकायचीय, ह्यांना नको. त्यात तुमची ती मंडळी लिहितात, काका विकू नका. सहा महिने झाले, बापलेक एकमेकांशी बोलत नाहीत."

काका आले, केळीची पानं खाली ठेवली, हात धुतले. "या, बाय," म्हणाले. विनयाने सगळं सांगितलं. नंबर, केबलवाला, एकशेदहा घरं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"मी सात वरसांचा होतो," ते म्हणाले. "आमचं गाव तिकडं खाडीकाठी. बापाचं गावकीशी कशावरून तरी वाजलं. वाळीत टाकलं. आई बावखलावर गेली, तर हंडा लावू देईनात. अर्ध्या कोसावरून पानी आनायची. चार वरसं. बाप मेला तेव्हा खांदा द्यायला मामाकडचे दोघंच आले, बाकी दोन बाजू मी नि माझा भाऊ. मी अकरा वरसांचा." ते थोडं हसले. "मंग ते गाव सोडून हे गाव केलं. आता म्हातारपनी तुम्ही बावखल काढलंत, वाटलं, चला, इथं तरी. नि तिथं पन तेच वाक्य."

विनयाला मान वर करवेना. "काका, तो शब्द मी गंमत म्हणून लिहिला होता."

"काढनाऱ्याला गंमतच असते, बाय."

असं शरमेने मेल्यासारखं तिला कधी झालं नव्हतं. या माणसाला परत आणलं नाही तर बावखल बंद करून टाकायचं, असं तिने तिथे बसल्या बसल्या ठरवलं. "चला, तुमच्यासमोर उघडून दाखवते," ती म्हणाली. काका नको नको म्हणत उठले, पण उठले. चष्मा शोधायला ते माजघरात गेले आणि विनया आतल्या खोलीत संगणकापुढे बसली. चिराग, त्यांचा बत्तीस वर्षांचा एकुलता एक मुलगा, दारात येऊन उभा राहिला.

"मॅडम, थांबा," तो म्हणाला. "मी लावून देतो."

तोवर पान उघडलं होतं. वरच्या कोपऱ्यात, विनयाने स्वतःच्या हाताने मराठीत आणलेल्या अक्षरांत, लिहिलं होतं, "स्वागत आहे, खरा_वसईकर_९."

तिने वळून पाहिलं. चिरागचा चेहरा पांढरा पडला होता. शिव्या देणारा माणूस असा दिसत असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. चांगला इस्त्रीचा शर्ट होता, डोळे थेट बापाचे.

"जगाशी बोलतात," तो कुजबुजला. "दोन-दोन तास. माझ्याशी एक शब्द नाही. त्यांना सांगू नका."

माजघरातून पावलं वाजली. विनयाने झटकन ते नाव बाहेर काढलं आणि पान पुन्हा उघडलं.

"उघडलं?" काकांनी चष्मा लावत विचारलं.

"उघडलं, काका."

ते वाकून बराच वेळ वाचत राहिले. मग हळूच म्हणाले, "लिहीन मी. पन एक करा. त्या मानसाला आता काढू नका. त्याला पन तेच वाक्य दिसत असेल ना? नको. त्याचं घर तेवढं शोधून द्या. मी जाऊन बसतो त्याच्यापाशी. आमच्या घरी त्या चार वरसांत एकजन जरी येऊन बसला असता, तरी बाप टिकला असता." चिराग दारातून निघून गेला होता. हंसाकाकूंनी चहा आणला. विनयाने तो कसा प्यायला ते तिला आठवत नाही.

घरी आल्यावर ते वाक्य तिने पहिल्यांदा बदललं. मग नियमांची यादी काढून वाचली. नाव बंद करावं, तर दहावं नाव येणार. नंबर बंद करावा, तर बाप बाहेर. सांगावं, तर सहा महिन्यांचा अबोला जन्माचा होणार. न सांगावं, तर तो रोज त्यांना आपल्याच घरातून शिव्या घालणार, आणि ते रोज चष्मा लावून वाचणार. सुमेध म्हणाला, "तुला काय करायचंय? घरचा मामला त्यांचा." ती त्याच्यावर उगाचच ओरडली.

मंगळवारी दुपारी काकांनी लिहिलं. घरामागचं बावखल, त्यात हंसाकाकू लग्न होऊन आल्या तेव्हा फुललेली कमळं, दहा ओळी. लोकांनी नुसता जल्लोष केला. पंधरा मिनिटांनी खाली, नववं नाव तिने पाहिलेलं म्हणून की काय, खरा_वसईकर_१० उमटला, "थापा." नंबर तोच. बाप उठला असेल आणि पोरगा त्याच खुर्चीत बसला असेल.

विनयाने ते पुसलं. बुधवारी पुसलं, गुरुवारी पुसलं. कचेरीतून आल्या आल्या पर्ससुद्धा न ठेवता ती आधी ते पुसायची, काकांच्या नजरेला पडायच्या आत. रोज जमायचं नाही.

आणि प्रत्येक लेखामागून काकांची दोन ओळींची खाजगी चिठ्ठी यायची, एका बोटाने लिहिलेली. "बाय, सापडलं का त्या पोराचं घर? पाऊस लागायच्या आत जाऊन येतो."

आधी त्याला 'मानूस' म्हणणाऱ्या काकांना तो आता पोरगा का वाटला, हे विचारायचं धाडस तिला झालं नाही. "शोधतेय, काका," असं ती लिहायची.