झ्वोलेहून गेलेलं उत्तर

फ्रानेकर या लहानशा गावातल्या आपल्या घरामागच्या शेडमधून वित्स्के पोस्टमा भाज्यांचं जुनं, सहसा न मिळणारं बियाणं टपालाने विकायची. बी निवडणं, पाकिटं भरणं, गिऱ्हाइकांच्या मेलना उत्तरं देणं, वीस वर्षं सगळं एकहाती. त्या हिवाळ्यात तिचं मनगट सुजलं आणि धाकटी बहीण निंके हात धुऊन मागे लागली.

"ताई, निदान मेल तरी दुसऱ्या कुणाला दे. रोज संध्याकाळी कुणाच्या तरी कोबीची ख्यालीखुशाली विचारत बसतेस!"

मग या कामाला झ्वोले शहरातली मिर्था ठरली. घरबसल्या पाच-सहा छोट्या दुकानांचा पत्रव्यवहार बघायची. तिची उत्तरं त्याच दिवशी जायची, नेमकी आणि गोड. वित्स्केचं मनगट उतरलं. पण रिकाम्या संध्याकाळी तिला खायला उठू लागल्या.

सगळ्यात जास्त आठवायचे ते डौवे. तेर्स्खेलिंग बेटावरचे, बोटीवरून निवृत्त झालेले विधुर. नऊ वर्षं दर मार्चमध्ये घेवड्याचं एकच पाकीट मागवायचे, आणि सोबत ही लांबलचक मेल. वारा, ससे, न येणारी झोप. वित्स्केही तितकंच लांब लिहायची. भेट मात्र कधी झाली नव्हती.

मे संपत आला तेव्हा तिने धीर करून मिर्थाला फोन लावला.

"तेर्स्खेलिंगहून काही आलं होतं का गं?"

"हो, मार्चमध्येच. घेवडा, एक पाकीट. पाठवलं की."

"आणखी काय लिहिलं होतं?"

"बरंच होतं. शेवटी विचारलं होतं, तुम्ही कधी आमच्या बाजूला येता का?"

"मग?"

"मी कळवलं, आमचं दुकान फक्त टपालाने माल पाठवतं." मिर्था थबकली. "चुकलं का काही, वित्स्केबाई?"

"नाही गं. बरोबरच आहे ते."

शनिवारी तिने हार्लिंगन बंदरातून तेर्स्खेलिंगची बोट पकडली.

डौवे परसात काठ्यांना वेल बांधत होते. तिने कल्पना केली होती त्याहून बुटके. तिने नाव सांगताच हातातली सुतळी खाली पडली.

"उत्तर वाचलं तुमचं," ते म्हणाले. "म्हटलं, जरा जास्तच विचारलं आपण."

"ते मी लिहिलं नव्हतं. झ्वोलेची एक मुलगी लिहिते आता."

"अस्सं." ते हसले. "छान लिहिते. एकही चूक नाही."

कॉफी आली. मेलमध्ये न थांबणारी ती दोन माणसं टेबलाशी समोरासमोर बसून कपात चमचे फिरवत राहिली. मग डौवेंनी सांगितलं. परदेशात, एस्ब्यर्गला राहणारी त्यांची मुलगी दोन वर्षं तिकडे राहायला बोलावत होती. मार्चमध्ये त्यांनी तिला हो म्हणून टाकलं. घर विकलं गेलं होतं. ऑगस्टमध्ये निघायचं.

"मार्चमध्ये," वित्स्के म्हणाली.

"उत्तर आलं, त्याच आठवड्यात."

"तिकडे बाग आहे?"

"चौथा मजला. बाल्कनी आहे, उत्तरेकडची."

उत्तरेच्या, बिनउन्हाच्या बाल्कनीत घेवडा येत नाही, हे तिने आजवर कित्येक गिऱ्हाइकांना सरळ सांगितलं होतं. आता म्हणाली, "बघते. काहीतरी शोधते मी."

धक्क्यापर्यंत ते सोबत आले. बोट सुटली तरी टोपी हातात धरून उभे होते.

सोमवारी तिने मिर्थाला सांगितलं, "ऑर्डरी तू बघ. पण कुणी दोन ओळी जास्त लिहिल्या, तर ती मेल माझ्याकडे पाठवायची."

एस्ब्यर्गहून पहिली मेल यायला ऑक्टोबर उजाडला. अवघ्या सहा ओळी होत्या. इथला वारा वेगळ्या बाजूने येतो, असं त्यांनी लिहिलं होतं. वित्स्के त्या संध्याकाळी उत्तर लिहायला बसली, आणि मनगट ठणकायला लागलं तरी लिहीत राहिली.