कुंडीच्या तळाची खापरी

मी एक जुनी खापरी आहे. तळहाताएवढी, पाठीला बाक आलेली, एका कडेला अजून धार असलेली. फुटक्या कुंडीचा तुकडा म्हणून माझ्यासाठी कुणी हळहळू नका, मला ते अजिबात खपत नाही. मित्रांनो, माझ्या कडेवर जो काळपट डाग आहे तो मातीचा नाही. ते एका नऊ वर्षांच्या मुलीचं रक्त आहे, आणि ते मीच काढलं आहे.

माझा जन्मच मारझोडीतला. मी माती होते तेव्हा कुदळीनं आम्हाला जमिनीतून उपसून काढलं, ढेकळं फोडली, पाणी ओतून दोन दिवस पायाखाली तुडवलं. मग कुंभारणीनं चाकावर गरगर फिरवलं, थापटण्यानं बडव बडव बडवलं, आणि एवढं सोसून मी कुठे कुंडी झाले, तोच तिनं अंगठा खुपसून माझ्या तळाला भोक पाडलं. मला भयंकर राग आला. पण ती शेजारी बसलेल्या सुनेला शिकवत होती, की हे भोक विसरलीस तर ही कुंडी नाही, नुसतं भांडं. पुढे भट्टीत घातल्यावर माझ्या दोन्ही बाजूंच्या कुंड्या तडातडा फुटल्या. त्यांचे तुकडे माझ्या अंगावर आदळले आणि मी मात्र अख्खी बाहेर आले. त्याची घमेंड मला बरेच दिवस होती.

मला विकत घेतलं ते त्या मुलीच्या आईनं. आई दवाखान्यात नर्स. वडील वेल्डर, पाण्याच्या लोखंडी टाक्या बनवणारे. सगळी गल्ली त्यांना टाकीवाले म्हणायची. दुसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, आणि खिडकीबाहेर चार माणसं उभी राहतील एवढी गॅलरी. मुलीनं ताटातल्या लिंबाच्या फोडीतली बी उचलली, बोटाच्या एका पेराएवढी खोल माझ्यात पुरली आणि शाळेच्या बाटलीतलं उरलेलं पाणी रोज घालायला लागली. बागकामातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. तरी तीन आठवड्यांनी बी रुजली. वर्षभरात रोप वीतभर झालं आणि त्याला अकरा पानं आली. ती रोज मोजायची, म्हणून मला आकडा पाठ आहे.

त्या दिवसांत माझी फार वाहवा झाली. येणारीजाणारी माणसं माझ्यापाशी थांबायची, मुलगी फडक्यानं मला पुसायची. आणि जास्तीचं पाणी माझ्या भोकातून खाली ठिबकायचं. मला ते काम चोख जमायचं.

ते ठिबकायचं खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरींवर.

आता टाकीवाल्याबद्दल सांगते. हा माणूस कामात पक्का. माझ्या हातची टाकी गळत नाही, हे तो दिवसातून चारदा म्हणायचा, आणि ते खरंही होतं. पण त्याचा राग वाईट. आधी कान लाल व्हायचे, मग हात सुटायचे. त्या घरातल्या एका खुर्चीचा पाय त्यानं मोडला होता. कपाटाच्या दाराला त्याच्या मुठीचा खळगा होता. एकदा भात करपला म्हणून पातेलं भिंतीवर गेलं होतं. त्या डागावर आईनं कॅलेंडर टांगलं होतं. माणसांना मात्र मी कधी हात लावला नाही, असं तो मोठ्या तोऱ्यात सांगायचा.

एका रविवारी सकाळी काकू खालून ओरडल्या. चादर हातात धरून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "काय हो टाकीवाले, जगाच्या गळत्या बंद करता आणि तुमच्या स्वतःच्या घराला गळती?"

समोरच्या घरातलं कुणीतरी हसलं. टाकीवाल्याचे कान लाल झाले. तो दोन ढांगांत गॅलरीत आला, मला मातीसकट, रोपासकट उचललं आणि फेकलं. खाली नाही फेकलं, खाली काकू होत्या, एवढं भान त्याला होतं. त्यानं मला आत, खोलीतल्या भिंतीवर फेकलं. पण मुलगी रोपाला वाचवायला मध्ये धावली. मी भिंतीवर फुटले, आणि माझा हा तुकडा, म्हणजे आता बोलतेय ती मी, उलट उडून तिच्या कपाळात घुसले.

रक्त किती येतं, मित्रांनो. ते तिच्या डोळ्यांत गेलं, फ्रॉकवर गेलं, जमिनीवर माती होती तिचा चिखल झाला. टाकीवाला नुसता उभा. आईनं एका हातानं फडकं दाबलं आणि दुसऱ्या हातानं मुलीला उचललं. स्वतःच्याच दवाखान्यात तिनं लेकीचं डोकं धरून ठेवलं आणि पाच टाके घालून घेतले. कसं लागलं, असं डॉक्टरांनी विचारल्यावर मुलगी म्हणाली, मी पडले. आईही गप्प बसली. घरी येईपर्यंत त्या गप्प बसण्याची तिला एवढी लाज वाटली, की आल्या आल्या तिनं एका पिशवीत दोघींचे कपडे भरले आणि ती पिशवी दाराजवळ ठेवली. पुन्हा एक वस्तू जरी फेकली गेली तर आम्ही दोघी निघालो, एवढंच ती नवऱ्याला म्हणाली. आवाजसुद्धा चढवला नाही.

माझे बाकीचे तुकडे केरात गेले. मला मुलीनं उचललं आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं, तिचा बाप चहा प्यायला बसायचा अगदी त्याच्या समोर. आईनं मला टाकायचं म्हटलं तर मुलीनं मानेनंच नाही म्हटलं. रोप आईनं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात कसंबसं उभं केलं होतं. मुलगी बापाशी बोलेनाशी झाली. सायकलची चावी हवी असली तरी आईमार्फत. आठ दिवसांनी त्यानं हात जोडले, रडला, पुन्हा नाही करणार म्हणाला. तेव्हा ती त्याच्याशी एकदाच बोलली.

"माझं झाड जगलं तर बोलेन."

झालं, टाकीवाला बागकामाला लागला. आणि काय सांगू, त्यानं तिथंही कत्तलच केली. त्याला वाटलं, आपण काय साधं काम करणार का? त्यानं जाड पत्र्याच्या तीन पेट्या बनवल्या, सांधे असे जोडले की दिसूसुद्धा नयेत. पाण्यानं काठोकाठ भरून रात्रभर ठेवल्या, सकाळी खाली अंथरलेलं वर्तमानपत्र चाचपून पाहिलं. कागद कोरडा. थेंब नाही गळत, तो स्वतःशीच म्हणाला, आता काकूंना बोलायला जागा नाही. कट्ट्यावरून मी बघत होते. भोक कुठाय रे शहाण्या, असं मी ओरडले असते, पण खापरीचं ऐकतो कोण?

एका पेटीत त्यानं टोमॅटो लावला, एकीत झेंडू, आणि सगळ्यांत मोठीत लिंबू. लवकर वाढावा म्हणून टोमॅटोला पांढऱ्या दाण्यांचं खत मूठभर घातलं, जिथं चिमूटभर पुरलं असतं. चार दिवसांत टोमॅटो करपून काळा झाला. झेंडूनं मान टाकली, त्याला वाटलं तहान लागली, म्हणून दोन तांबे जास्त. झेंडू बुडून मेला. मूळ धरलंय का बघायला तो लिंबू दर दोन दिवसांनी हलवून बघायचा. एक गोगलगाय दिसली तर ती हातोडीनं चिरडली आणि तिच्याबरोबर लिंबाची एक कोवळी डहाळीही. अकरा पानांची सात झाली. सातांची चार. उरलेलीही पिवळी पडली आणि पेटीतून कुजका वास यायला लागला. मुलगी शाळेतून आली की पानं मोजायची आणि तशीच आत जायची.

ज्या दिवशी तीन पानं उरली, त्या दिवशी त्याचे कान पुन्हा लाल झाले. त्यानं हातोडी उचलली. पेटीवर घालणार, पेटी ठेचून टाकणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. दारात मुलगी उभी होती. तिचा हात आपोआप कपाळाकडे गेला. आईनं स्वयंपाकघरातून येऊन पिशवीच्या बंदाला हात घातला. टाकीवाल्यानं मुलीकडे पाहिलं, मग कट्ट्यावर माझ्याकडे पाहिलं. हातोडी हळूहळू खाली आली. त्यानं ती जमिनीवर ठेवली, पेटी दोन्ही हातांनी उचलली आणि म्हणाला, चल, रोपवाटिकेत विचारू. मुलगी निघाली. निघताना तिनं मला खिशात घातलं, माझी एक कड बाहेर डोकावत राहिली.

रोपवाटिकेच्या म्हातारबाई फटकळ होत्या. त्यांनी मातीत बोट खुपसलं, बोटाचा वास घेतला आणि कपाळाला आठी घातली. मग पेटी वाकडी करून खालून बघितली.

"भोक कुठाय?"

"माझ्या हातचं काही गळत नाही," टाकीवाला म्हणाला. सवयीनं म्हणाला बिचारा.

"मग त्यात पाणी साठवा की. झाडाला कशाला बुडवून मारता? मुळांना श्वास लागतो."

म्हातारबाईंनी सगळं समजावलं. काळी पडलेली मुळं कापा, तळाला अंगठ्याएवढं भोक पाडा, त्यावर खापरीचा तुकडा पालथा ठेवा म्हणजे माती अडेल आणि पाणी जाईल. मातीत थोडी वाळू मिसळा. बोट खुपसा, पहिलं पेर कोरडं लागलं तरच पाणी. नवीन मूळ धरेपर्यंत खताचं नाव काढू नका. बोलता बोलता त्यांची नजर मुलीच्या कपाळावर गेली आणि त्यांनी विचारलं, हे काय गं, पडलीस का?

मुलीनं बापाकडे पाहिलं. माझ्यावरची तिची मूठ आवळली गेली.

"नाही. बाबांनी कुंडी फेकली."

रोपं घ्यायला आलेली दोन माणसं वळून बघायला लागली. टाकीवाल्यानं मान हलवली. सगळ्यांसमोर मान हलवून हो म्हणाला.

घरी आल्यावर त्यानं पेटी रिकामी केली, पालथी घातली आणि ड्रिल लावलं. पत्रा किंचाळला, ठिणग्या उडाल्या. स्वतःच्याच कामाला भोक पाडताना त्याचं तोंड असं झालं होतं, की मलासुद्धा क्षणभर वाईट वाटलं. क्षणभरच. मग कात्रीनं त्यानं कुजलेली मुळं कापली. बोटभर पांढरी मुळं तेवढी शिल्लक होती. आता खापरी हवी होती. घरात ती एकच होती, हे तिघांनाही ठाऊक होतं. मागायची त्याची हिंमत झाली नाही.

मुलीनं खिशातून काढून मला त्याच्या तळहातावर ठेवलं. त्यानं माझ्यावरचा डाग बघितला. तेव्हा माझी कड त्याच्या अंगठ्याला लागली आणि रक्त आलं. मी मुद्दाम लावली, खोटं कशाला बोलू? त्यानं हात मागे घेतला नाही. मला भोकावर पालथं ठेवलं आणि वर वाळूमिश्रित माती घातली. तेव्हापासून मी अंधारात आहे. दिसत काही नाही, ऐकू मात्र सगळं येतं.

पहिलं पाणी घातलं ते माझ्या पाठीवरून घसरलं, भोकातून गेलं आणि खाली ठिबकलं. आणि खालून आवाज आला, "काय हो टाकीवाले, लागली का पुन्हा गळती?"

मुलीची पावलं माझ्या अगदी जवळ होती, ती हलली नाहीत. दाराजवळ पिशवीचा बंद सरकल्याचं मी ऐकलं. मग टाकीवाल्याची पावलं कठड्यापाशी गेली.

"हो काकू, मीच भोक पाडलंय," तो म्हणाला. "चादर काढून ठेवा, मी पेटीखाली पाणी झेलायला ताट लावतो."

त्यानं खरंच ताट लावलं, लोखंडी, स्वतः बनवलेलं. काकूंनी नंतर त्या ताटातलंच पाणी त्यांच्या कढीपत्त्याला मागून नेलं, ही गंमत वेगळीच. पाच आठवडे काही घडलं नाही. तीन पानांतलं एक गळलं. मग एके दिवशी मुळांची टोकं माझ्या पाठीला गुदगुल्या करायला लागली, आणि सकाळी मुलीची पावलं बराच वेळ पेटीपाशी थांबली. तिनं मोजलं. एक, दोन, तीन. तिसरं नवीन होतं. तेवढ्यात पाण्याचा तांब्या हिंदकळत बापाची पावलं आली. तिनं मातीत बोट खुपसलं.

"आज नको, बाबा. ओली आहे."

तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला. मग तो तिथंच खाली बसला, आणि किती तरी वेळ उठला नाही. त्या दिवशी आईनं पिशवीतले कपडे कपाटात लावले. रिकामी पिशवी मात्र दाराजवळच्या खुंटीला टांगून ठेवली. ती अजून तिथंच आहे, आणि तिथंच असावी असं माझं मत आहे.

मित्रांनो, तुम्हाला बाग करायची असेल तर एकाच कुंडीनं सुरुवात करा. तळाला भोक आहे ना बघा, पाणी घालण्याआधी मातीत बोट घाला, आणि झाड दुखावलं असेल तर त्याला आणखी खाऊपिऊ घालत सुटू नका. फुटलेली खापरी टाकू नका, तिचंही काम असतं. आणि कुणी कधी तुमच्यावर काही फेकलं, तर तो माणूस कितीही आपला असो, पडलो म्हणू नका. खरं कुणाला तरी सांगा. सांगताना हात घट्ट धरायला काही हवं असेल तर ते खिशात ठेवा.

त्या घरातलं लिंबाचं झाड आता खिडकीएवढं झालंय. त्याचा सगळा भार माझ्या पाठीवर आहे आणि मी तो आनंदानं सोसते. फक्त टाकीवाल्याला एवढं सांगा, की माझी धार अजून गेलेली नाही. ही पेटी त्यानं पुन्हा कधी उचलून फेकली, तर सगळ्यांत आधी बाहेर येईन ती मी.