आधी त्याचा शर्ट

मी एक जुनी, वजनदार इस्त्री आहे, मित्रांनो. तापणं हा माझा स्वभावच. पण त्या दिवशी माझी वायर गुंडाळलेली होती, तरी मी तापले!

कारखान्यातून आले ती थेट लाँड्रीत. मालक, म्हणजे बाबा, मला फार जपायचे. मग त्यांचा खांदा निखळला. मुलगी आणि धाकटा मुलगा दोघंही कॉलेजात होते. बाबा म्हणाले, "त्याच्या अभ्यासाला धक्का नको. ताई, तू उभी राहा."

पदवी होईपर्यंत ताई माझ्याबरोबर उभी राहिली. एका हातात मी, टेबलाच्या कडेला पुस्तक. ओळ संपेपर्यंत थांबावं, तर कापड करपायचं. परीक्षेच्या सकाळीसुद्धा आधी धाकट्याचा शर्ट, मग तिचा पेपर. तो पहिल्या वर्गात आला, ती काठावर पास झाली. घरच्यांनी त्याला डोक्यावर घेतलं आणि तिला म्हणाले, "हिला डोकंच नाही." अरे, तुमच्या जिभेला काही हाड?

पुढे तिनेच लाँड्री वाढवली, दुसरं दुकान काढलं. वाफेच्या इस्त्र्या आल्या आणि मी घरी फळीवर धूळ खात पडले.

इतक्या वर्षांनी तिने बिझनेस स्कूलचा अर्ज भरायला घेतला. त्यात विचारलं होतं, पदवीला गुण कमी का? धाकटा मदतीला बसला. मोठा शहाणा! म्हणाला, "आजारी होते असं लिही. लाँड्रीचं कशाला? उगाच घराची शोभा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात बाबा बोलले, "आजारी मी होतो. उभं हिला केलं, तुला नाही. चूक माझी. तसंच लिही, ताई."

तिने तसंच लिहिलं. मुलाखतीचं बोलावणं आलं. त्या सकाळी धाकट्याने मला फळीवरून काढलं. "ताई, आण तुझा शर्ट." याला मला धरताही येईना! मी बोटाला चटका दिला. हो, मुद्दाम. "आई गं!" तो ओरडला.

"आधी पाणी शिंपड, गाढवा," ताई हसत म्हणाली. कॉलर चुरगळलेलीच राहिली. ती तोच शर्ट घालून गेली.

निकाल अजून यायचाय. माझा राग अजून जायचाय. मित्रांनो, मला पुसून ठेवा, वायर नीट गुंडाळा, हे तर आहेच. पण कडक शर्ट घालून परीक्षेला निघालात, की एकदा मागे वळून बघा. टेबलापाशी कोण उभं आहे? आणि तिला विचारा, तिचा पेपर किती वाजता आहे.