शेवटचा डबा

दोमितिलानं पोलेंत्याचा, मक्याच्या घट्ट पिठल्याचा, वाफाळता गोळा लाकडी पाटावर उपडा केला आणि दोऱ्यानं कापता कापता ती थांबली. टेबलाभोवती माणसं गात होती. डोंगरातली आगगाडी चढणीला अशी रखडते, की एक पोरगी उतरून रानातल्या स्ट्रॉबेऱ्या खुडते आणि शेवटच्या डब्यात चढते. हशा पिकला. सासूबाई, फोर्तुनाता, मात्र नेहमीसारख्या उठून आत गेल्या.

“ही पोरगी होती तरी कोण?” दोमितिलानं विचारलं.

“गाण्यातल्या पोरीला कसलं आलंय नाव?” म्हातारा सेवेरिनो म्हणाला. गाणं त्याचंच, उभा जन्म ती गाडीही त्यानंच हाकली होती.

तिला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी तिनं त्याला गोठ्यात गाठलं.

“काका, खरं काय ते सांगा.”

“नवरा सोडून माझ्या मागे लागलीस की काय?” तो हसला. मग बकरीची धार काढता काढता बोलू लागला. “बाप तिला एका गिरणीवाल्याला द्यायला निघाला होता. चाळिशी उलटलेला नवरा. चढणीला बापाचा डोळा लागला, तशी ती उतरली आणि रानात शिरली. खिंडीपलीकडे तिचा सुतार होता. मी इंजिनातून पाहिलं, पण गाडी थांबवली नाही. बाप जागा झाला तर अख्खी गाडी म्हणाली, शेवटच्या डब्यात चढली. पुढे तो दारोदार विचारणार. सगळ्यांचं खोटं एकसारखं हवं, म्हणून चाल लावली. चालीवर शब्द चुकत नाहीत.”

“आणि गिरणीवाला?”

सेवेरिनोचा हात थांबला. “ते तुझ्या घरी विचार.”

गिरणी तर त्यांच्याच घराची होती. दोमितिला परतली तेव्हा सासूबाई चुलीपाशी भाजलेले चेस्टनट सोलत होत्या.

“आई, त्या गाडीत तुम्ही होतात?”

“थोरल्या बहिणीचं लग्न. मी नको?” त्यांनी वर पाहिलं नाही. “चर्चमध्ये पाद्री खोळंबलेला, नवरदेव दारात उभा. बाबा रिकाम्या हातानं कसे परतणार? तिच्या जागी मला उभं करणार, हे मला गाडीतच कळलं होतं.”

“मग लोकांनी तरी कशाला खोटं—”

“लोकांनी माझीच री ओढली. बाबांनी पहिल्यांदा मलाच विचारलं.” त्यांनी सोललेला चेस्टनट सुनेच्या तळहातावर ठेवला. “गाण्यातले ‘शेवटच्या डब्यात चढली’ हे शब्द माझे आहेत. सेवेरिनोची नुसती चाल.”