भागवत गुरुजींचा किराया

सिंधूने पासपोर्ट खिडकीच्या उजेडात धरून पुसट शिक्क्यावरची तारीख वाचली आणि पेन्सिलीने कागदावर आकडा लिहिला. एकोणसत्तर.

“एक एप्रिलपासून मोजलंय, निघालीस तो दिवसही धरून,” ती म्हणाली. “आणि त्या डिसेंबरातले एकवीस. म्हणजे पहिल्या वर्षी तू भारतात नव्वद दिवस होतीस. दुसऱ्या वर्षी तर बावीसच.”

मंजुश्रीने बेरीज मनात पुन्हा करून पाहिली. बरोबर होती. सोयाबीनच्या शंभर दाण्यांपैकी किती उगवले हे मोजण्यात तिची पंधरा वर्षं गेली होती, आधी लातूरच्या बियाणे कंपनीत आणि आता नेदरलँड्सच्या प्रयोगशाळेत. घरी किती दिवस राहिलो हे तिने कधी मोजलं नव्हतं.

दोघी लातूरला एकाच वसतिगृहात राहिलेल्या. सिंधू आता कर सल्लागार होती. मंजुश्रीने दोन्ही वर्षांची विवरणपत्रं स्वतःच भरली होती, भारतात राहणारी म्हणून, आणि लातूरच्या घराचं भागवत गुरुजींकडून येणारं भाडं त्यात इमानदारीने दाखवलं होतं. सिंधूने समजावलं की नोकरीसाठी देशाबाहेर गेलेला माणूस वर्षात किमान एकशे ब्याऐंशी दिवस इथे राहिला नाही, की करापुरता तो इथला रहिवासी राहत नाही. मग त्याच्या भाडेकरूने दर महिन्याला भाड्यातून जवळपास एकतीस टक्के कर कापून सरकारकडे भरायचा असतो. भाडं कितीही कमी असो.

“गुरुजींनी नाही कापला,” मंजुश्री म्हणाली. “त्यांना कसं माहीत असणार?”

“कुणालाच माहीत नसतं. पण वसुली निघाली तर ती त्यांच्यावर निघते. व्याजासकट. मला त्यांचं पॅन कार्ड आण आणि भाडेकरार आण. एकतीस डिसेंबरपर्यंत मागच्या वर्षीचं दुरुस्त करता येईल.”

एकतीस तारीख मंजुश्रीच्या डोक्यात आधीपासूनच होती. तिचा तीन वर्षांचा करार येत्या जूनमध्ये संपत होता. तिथे कायमची जागा मिळत होती आणि वर्ष संपायच्या आत उत्तर हवं होतं. वडिलांना, अप्पांना, तिने हे सांगितलं नव्हतं. त्याआधी लातूरचं घर गुरुजींनाच विकता येईल का, ते बघायचं होतं.

ती गुरुजींना कधी भेटली नव्हती. गेल्या दोन डिसेंबरांत ते नेमके गावी, किल्लारीला गेलेले. भाडेकरू अप्पांनी शोधला, किराया रोख घेऊन दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत बँकेत भरला तोही अप्पांनीच. उदगीरहून दर रविवारी त्यांचा फोन येई आणि त्यात गुरुजींची खबर असे. गुरुजींच्या बायकोने गच्चीवर पापड वाळत घातले. धाकटी गल्लीत सायकल शिकताना पडली, पुढचा दात अर्धा तुटला. हिवाळ्यात पाचच्या आत अंधार पडणाऱ्या तिकडच्या गावात एकटीने जेवताना मंजुश्रीला वाटे, आता आपल्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली असेल. मग घास सोपा जाई.

तिने सिंधूच्या ऑफिसातूनच अप्पांना फोन लावला. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. गुरुजींकडे एकटी जाऊ नकोस अव्वा, उद्या सकाळच्या बसने मी येतो, एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी स्टँडवरून दोघं रिक्षाने गेले. अप्पांनी धोतर नेसलं होतं, कपाळावर विभूती होती, आणि वाटेत ते तुरीच्या भावाबद्दल बोलत राहिले. फाटकाशी मंजुश्री बेल वाजवायला पुढे झाली. अप्पांनी कोटाच्या आतल्या खिशातून किल्ली काढली.

कुलूप सहज उघडलं. रोजच्या हातातलं कुलूप उघडतं तसं.

आतली फरशी झाडलेली होती. भिंतीवर एक खिळा नव्हता. स्वयंपाकघरात नळाखालच्या स्टीलच्या सिंकवर दुकानातून चिकटून आलेला प्लास्टिकचा कागद अजून तसाच होता.

“गुरुजी?” तिने विचारलं.

“गुरुजी न्हाईत.”

“कधी गेले?”

“आलेच न्हाईत, अव्वा.”

अप्पा ओट्याला टेकून उभे राहिले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गृहप्रवेश ठरला होता, त्याच आठवड्यात तिचं तिकीट निघालं आणि आल्यावर करू म्हणून ती गेली. त्यांचं तिथेच अडलं होतं.

“स्वामींना बोलवून पाय धुतले न्हाईत. दूध उतू घातलं न्हाई. धन्यानं चूल पेटवायच्या आधी दुसऱ्याला कसं घालू घरात? दोघंतिघं आले बघायला. चांगली माणसं. त्यांना म्हनलो, गेलं घर.”

“मग मला सांगायचं ना, रिकामं आहे म्हणून.”

“रिकामं म्हनलो असतो तर इकून टाकलं असतंस.”

आडत दुकान मुलाच्या हाती देऊन बसलेल्या माणसाने किराया म्हणून दर महिन्याला भरायला नऊ हजार कुठून काढले असतील, हे विचारणं मंजुश्रीला जमेना. तिने दुसरंच विचारलं.

“आणि मध्ये नऊशे वाढवले ते?”

“अकरा महिने झाले की वाढतोच किराया. न्हाई वाढवलं तर तुला शंका आली असती.” त्यांच्या स्वरात व्यापाऱ्याचा थोडा अभिमान होता.

तिला हसू आलं, ते अर्ध्यावर थांबलं.

“धाकटीचा दात?”

“तुझाच की त्यो. दुसरीत व्हतीस. नव्या गोष्टी कुठून आनू मी दर रईवारी?”

पापडांचं तिने विचारलं नाही. आईला जाऊन सहा वर्षं झाली होती.

दुपारी दोघं सिंधूच्या ऑफिसात बसले. मंजुश्रीने जेवढं सांगणं भाग होतं तेवढं सांगितलं. अप्पा गुडघ्यांवर हात ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत होते, शाळेतून तक्रार आलेल्या मुलाच्या बापासारखे. दंड किती बसेल, आणि तो मंजूच्या नावावर नको, एवढं त्यांनी मध्येच सांगून ठेवलं.

सिंधूने दोन्ही वर्षांचे कागद बाजूला सारले.

“दंड कसला, काका? भाडेकरूच नाही तर भाडं नाही. बापाने मुलीला दिलेले पैसे हे. त्याच्यावर कर नसतो. मागच्या वर्षीचं दुरुस्त करू. त्याआधीच्या वर्षी मंजूने उगाच भरलेला कर मात्र बहुतेक गेला.”

अप्पांनी मान हलवली, पण त्यांचं समाधान झालं नव्हतं.

“मग घराचं काय लिहिनार?”

सिंधूने संगणकावरचा रकाना उघडला. घर भाड्याने दिलेलं की मालकाचं राहतं, असं तिथे विचारलेलं होतं. नोकरी दुसऱ्या गावी असल्यामुळे मालकाला स्वतःच्या घरात राहता येत नसेल आणि तिथे तो परक्याच्या घरात राहत असेल, तर कायदा त्या बंद घरालाही मालकाचं राहतं घर धरतो, असं तिने सावकाश सांगितलं.

अप्पांनी ते दुसऱ्यांदा सांगायला लावलं. मग खुर्ची थोडी पुढे ओढली.

“आनि असं किती वर्सं चालतंय?”

कायद्यात त्याला मुदत दिलेली नव्हती. सिंधू तेवढं सहज सांगू शकली असती. ती माऊसवर हात ठेवून मंजुश्रीकडे बघत थांबली.